कुठवर आलात?

“माझ्याशिवाय पुढे जायचं नाही हं,” सासूबाई म्हणायच्या. पुस्तक मिटल्याचा आवाज कानावर पडेपर्यंत त्या मान वळवायच्या नाहीत, आणि मग त्याच दमात, “आणि चहात साखर घाल. कालच्यासारखी नुसती दाखवू नकोस.” दुकानाच्या मागच्या खोलीत, काच घासायच्या चाकाशी बसलेली असताना तिला तो आवाज इतका जवळून ऐकू आला की तिने चाकावरून हात उचलला. काही कारण नव्हतं. चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती, चिमटीत मावशींच्या नव्या चष्म्याची डावी काच होती, कडेचा थोडा भाग अजून उतरवायचा होता. सासूबाई जाऊन आता बरेच दिवस झाले होते आणि त्यांचा आवाज हल्ली येई तो अशा वेळी, हात गुंतलेले असताना, जणू त्यांना ठाऊक असावं की आता ही उठून कुठे जायची नाही. तिने ओठातल्या ओठात नाम घेतलं, काच पुन्हा चाकाला लावली, आणि पलीकडच्या खोलीत काय चाललंय तिकडे कान दिला.

पलीकडे शनिवारची मंडळी जमत होती. चष्म्याच्या दुकानात वाचणाऱ्यांनी जमावं याचं नवख्या माणसाला नवल वाटे, पण त्यामागे मालकांची एक खोड होती. जवळचा नंबर तपासायला सगळीकडे एक छापील पुठ्ठा देतात, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. मालकांना तो पुठ्ठा पटत नसे. “पुठ्ठा वाचायला कोण चष्मा करतं?” ते म्हणत, आणि गिऱ्हाइकाच्या हातात एखादी कादंबरी मधूनच उघडून देत. गिऱ्हाईक वाचू लागे, मालक काच बदलत, आता बरं की मघाशी बरं असं विचारत, आणि पान संपता संपता गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर एक हुरहूर उमटे, की पुढे काय? चष्मा न्यायला आलेली माणसं चष्म्याआधी त्या पुस्तकाची चौकशी करत. त्यातून भिंतीला एक फळी लागली, मग दुसरी, मग शनिवारी दुपारी दुकान अर्धं मिटल्यावर चार खुर्च्या. काय वाचताय असं इथे कुणी विचारत नसे. विचारायचं ते एवढंच, “कुठवर आलात?” आणि नियमही एकच. आपण जिथवर आलो तिथवरचं बोलायचं, पुढचं सांगायचं नाही.

पुस्तक कुणाला कुठलं द्यायचं हे मात्र तिचं काम झालं होतं, कुणी नेमलं नसताना. वहिनींनी दिलेलं पुस्तक अर्धवट परत येत नाही, असं मंडळी म्हणत, आणि ती मान खाली घाली, पण मनातून तिला ते खरं वाटे. गर्व म्हणून नव्हे. भांड्यात पाणी किती मावेल हे रोज पाणी भरणाऱ्याला कळतं, तसं. ती माणसाकडे पाही. पान उलटण्याआधीच त्याचं बोट कोपऱ्याखाली जातं का, वाचताना ओठ हलतात का, न आवडलेल्या ओळीवर तो चष्म्याला दोष देतो का. निवृत्त कंडक्टरांना तिने एक जाडजूड पुस्तक दिलं होतं, त्यातला माणूस अख्खं आयुष्य एका खोलीत काढतो. “अहो वहिनी, हा उठतच नाही!” पहिल्या शनिवारी ते कुरकुरले. दुसऱ्या शनिवारी म्हणाले, “अजून बसलाय.” तिसऱ्या शनिवारी काही बोलले नाहीत, नुसते खिडकीबाहेर जाणाऱ्या बसकडे बघत राहिले, आणि तिला कळलं की लागलं पुस्तक. आपण न संपवलेलं पुस्तक दुसऱ्याला द्यायचं नाही, हा तिचा स्वतःचा नेम. असे तिचे बरेच नेम होते. सकाळी पाण्याच्या पहिल्या घोटाआधी दिवा लावून ती हात जोडी आणि म्हणे, आज माझ्या जिभेवर खोटं येऊ देऊ नकोस. मोठं मागणं ती मागत नसे. रोजच्यापुरतं मागे, त्यामुळे रोज मिळे.

त्या दिव्यानंतर वाचन. तोही नेमच, सासूबाईंची नजर अधू झाली तेव्हापासूनचा. नजर म्हणजे कशी, तर कडेकडेचं सगळं दिसे, मधलं दिसत नसे. दारात कोण उभं आहे हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळे, पण नेमकं त्याच्याकडे पाहिलं की चेहऱ्याच्या जागी राखेचा ठिपका. गावाचे नंबर नीट करणाऱ्या सुनेजवळ या दुखण्यावर काच नव्हती. तशी काच कुणाजवळच नसते हे तिला चांगलं माहीत असूनही तिने दुकानातली सगळी भिंगं एकेक करून घरी आणून लावून पाहिली होती. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “राहू दे गं. तुझा घसा चांगला आहे ना? मग झालं.” आयुष्यभर वाचत आलेली बाई; पुस्तक हातात धरून बसायची सवय मोडेना म्हणून दुसरं कुठलं तरी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून ऐकायच्या. मधेच पान उलटायच्याही.

शेवटचं पुस्तक होतं मिठागरावरच्या एका कुटुंबाचं. समुद्राला अडवणारा बांध, बांधाला लाकडी दार, भरतीला ते मिटायचं, ओहोटीला उघडायचं, आणि ते दार सांभाळणारा घरातला धाकटा दीर. बोलताना अडखळायचा म्हणून सगळे त्याला अडखळ्या म्हणत. पहिल्या शब्दापाशी थांबून राही, आणि तो शब्द एकदा सुटला की उरलेलं वाक्य घरंगळत येई. सासूबाई हसायच्या. “अगदी आपले काका गं,” म्हणायच्या. काका म्हणजे मावशींचे यजमान. तेही तसेच बोलत. त्यांना जाऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता.

आणि मावशी म्हणजे सासूबाईंची पाठची बहीण. धुलाईच्या दुकानात कपड्यांना इस्त्री करायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. मावशींना वाचता येई, पण पुस्तकासमोर बसणं जमत नसे. लहानपणापासूनची ती वाटणी होती. थोरलीने वाचायचं आणि सांगायचं, धाकटीने हातातलं काम करता करता ऐकायचं. म्हाताऱ्या झाल्या तरी वाटणी मोडली नव्हती. सकाळी सुनेने वाचलेलं सासूबाई संध्याकाळी फोनवर बहिणीला सांगत, दार लोटून. ही स्वयंपाकघरात असे. दाराआडून आवाज येई, शब्द येत नसत. सासूबाईंचा चढउतार, मधेच थांबणं, मग पलीकडून फोनमधूनसुद्धा ऐकू येणारं मावशींचं खळखळतं हसू.

आज मावशी स्वतःच दुकानात आल्या होत्या. पांढऱ्या कॉलरवरची पिवळी रेघ दिसली नाही, इस्त्री तशीच फिरली, आणि गिऱ्हाईक बोललं. “बोललं ते बोललं गं, पण खरं बोललं,” म्हणाल्या, “तेव्हा म्हटलं, आता आपल्या सूनबाईकडे जावं.” नंबर निघाला, फ्रेम ठरली, काच घासून होईस्तोवर बसा म्हणून मालकांनी त्यांना मंडळींतच खुर्ची दिली. आणि आता पातळ फळीच्या भिंतीपलीकडून तिला मावशींचा आवाज येत होता, आणि घराच्या त्या दारापेक्षा ही भिंत पातळ असल्यामुळे शब्दही येत होते.

“तुम्ही कुठवर आलात, मावशी?” कंडक्टरांचा आवाज. “काही वाचता की नाही?”

“मी? नाही बाबा. मी ऐकते. ऐकत होते. आमची ताई सांगायची, ते मिठागराचं.”

“अय्या, ते मिठागराचं! मीही तेच वाचतेय, बाहेरून विकत आणून,” हा दातांच्या डॉक्टरचा. तरुण, उत्साही मुलगी. दिवसभर तोंड उघडून गप्प बसलेल्या माणसांशी एकटीच बोलायची सवय, त्यामुळे शनिवारी तिला आवरावं लागे. “सांगा ना, कुठवर ऐकलंत?”

“पुष्कळ आले. ते वादळ होऊन गेलं. तो अडखळ्या दार मिटायला गेला ना, पाण्यात? मी म्हटलं, ताई, हा काही परत येत नाही. तर आला हो! चिंब भिजून, दात वाजताहेत, आणि वहिनीला म्हणतो कसा, क, क, कांदा भाजून दे! त्या वेळी कांदा!” मावशी हसल्या. “मग काय, पुढे ती जमिनीची भांडणं निघाली, त्यात हा मधे मधे तोंड घालतोच. तिथवर आले नि ताई गेली.”

चाक फिरत होतं. काच तिच्या चिमटीत होती, पण आपण ती धरली आहे हे बोटांना कळत नव्हतं. अडखळ्या परत आला नव्हता. तिने स्वतः वाचलं होतं, सकाळच्या उजेडात, अक्षर न् अक्षर. दार मिटलं गेलं, गाव वाचलं, आणि उजाडल्यावर बांधावर नुसता त्याचा कंदील. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “थांब जरा.” खूप वेळ थांबायला लावलं. मग म्हणाल्या, “वाच.” बस, तेवढंच. आणि त्याच दिवशी संध्याकाळी दार लोटून...

“पण तो तर—” डॉक्टरचा आवाज.

पुढचं तिला नंतरही नीट आठवेना. चाक बंद केलं की नाही, मधला पडदा कसा बाजूला केला. एवढंच की ती मंडळींसमोर उभी होती, हातात ओली काच, काचेवरून पाणी मनगटावर ओघळतंय, आणि जो आवाज आला तो तिच्याच घशातून आला होता. “डॉक्टर! पुढचं सांगायचं नाही!”

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. दुकानात इतकी वर्षं काम करणाऱ्या या बाईचा आवाज रस्त्यापर्यंत जाऊ शकतो, हे त्यांना नवीन होतं. “अरे वा,” कंडक्टर म्हणाले, “वहिनींनी घंटा मारली. आता गाडी हलायची नाही.” सगळे हसले. डॉक्टर लाल झाली आणि म्हणाली, “सॉरी, सॉरी, मी पुढे आहे ना, लक्षातच नाही राहिलं.” मावशींनी हसत हसत एकदा डॉक्टरकडे पाहिलं आणि एकदा तिच्याकडे. ते पाहणं नुसतं होतं की काही होतं त्यात, हे तिला ठरवता आलं नाही. मावशींच्या डोळ्यांवर तपासणीची ती जाड गोल फ्रेम अजून तशीच होती. त्या फ्रेममागे कुणाचेही डोळे मोठे आणि नवलाने भरलेले दिसतात.

काच बसवून तिने चष्मा मावशींच्या कानांमागे नीट केला तेव्हा मावशींनी तिचं ओलं मनगट धरलं. इस्त्रीने टणक झालेला, कोरडा, गरम तळवा. “ताईने कबूल केलं होतं गं, शेवट सांगेन म्हणून. आता तू सांगशील ना?”

“सांगेन,” ती म्हणाली. “उद्याच येते.”

शब्द सुटला, आणि मग तिला कळलं की आपण काय बोललो. तिने ते पुस्तक संपवलंच नव्हतं. सासूबाई गेल्या त्या सकाळी जिथे थांबलो तिथे काच पुसायचं पिवळं फडकं खूण म्हणून घातलं होतं, ते अजून तिथेच होतं. माझ्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि समजा संपवलं, तर सांगायचं काय? पुस्तकातला शेवट सांगावा, तर मावशींचा अडखळ्या तिच्या तोंडून मरायचा, आणि तोही असा की तो मागेच, कधीचा मेला होता, आणि शेवटचे कित्येक दिवस त्यांची बहीण त्यांच्याशी खोटं बोलत होती. जिवंत ठेवावा, तर उद्या सकाळी दिव्यासमोर हात जोडून काय मागायचं?

घरी जाताना ती नेहमीच्या रस्त्याने गेली, पण रस्ता पायाखालून गेला इतकंच. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने हाक मारली ती तिला दोन दुकानं पुढे गेल्यावर ऐकू आली. तिला आता त्या संध्याकाळी आठवत होत्या, एकेक. कणीक मळतेय, दार लोटलेलं, आणि दाराआडून सासूबाईंचा अडखळता आवाज, क, क, क, आणि मग हसू. तिला वाटे, दोघी काकांची आठवण काढताहेत; जाऊ दे, गेलेल्या माणसाच्या आठवणीत हसता येतं हे चांगलंच. ते काका नव्हते. तो अडखळ्या होता. सकाळी तिच्या तोंडून समुद्रात गेलेल्या माणसाला संध्याकाळी त्या बाहेर काढत होत्या, कोरडे कपडे घालत होत्या, कांदा भाजून देत होत्या. आणि एकदा नव्हे. रोज. कारण एकदा वाचवलेल्या माणसाला पुढच्या प्रत्येक प्रसंगात बसायला जागा द्यावी लागते, त्याच्या तोंडी काही घालावं लागतं. म्हणजे सकाळी तिच्याकडून त्या एक पुस्तक ऐकत होत्या आणि संध्याकाळपर्यंत डोक्यात दुसरंच पुस्तक रचत होत्या, मांडीवरल्या तिसऱ्याची पानं उलटत. तिला हसू आलं, आणि हसता हसता काहीतरी टोचलं. इतके दिवस रोज सकाळी तिने घसा कोरडा केला, आणि तिच्या वाट्याला आलं ते छापलेलं. जे छापलेलं नव्हतं, जे फक्त तोंडात जन्मलं आणि कानात गेलं, ते धाकटीला. सुनेला नाही. माझ्याशिवाय पुढे जायचं नाही हं! आणि पुढे गेलं होतं कोण? तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मेलेल्या माणसावर असं रुसू नये, तिने स्वतःला बजावलं, निदान रस्त्यात तरी.

नवरा घरी पंख्याचं पातं पुसत स्टुलावर उभा होता. तिने खालून विचारलं, “अहो, आई खोटं बोलायच्या?”

“आई? छे.” पातं पुसून झालं. “म्हणजे, गोष्टीत बोलायची. माझ्या लहानपणीच्या गोष्टींत कुणी मेलंच नाही कधी. शाळेत गेल्यावर बाईंनी तीच गोष्ट सांगितली, त्यात राक्षस मरतो. मी वर्गात उभा राहून म्हणालो, नाही मरत, तो गावाला जातो. पोरं किती हसली!” तो खाली उतरला. “घरी येऊन भांडलो, तर म्हणे, तुझ्या बाईंना पुढचं माहीत नसेल.”

“मग?”

“मग काय? मला आईचंच खरं वाटलं. अजूनही राक्षस म्हटलं की तो आपला पिशवी घेऊन गावाला चाललाय असंच डोळ्यांपुढे येतं.” आणि तिच्याकडे बघून, “का गं? काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणणार होती, पण ते खरं झालं नसतं, म्हणून म्हणाली, “उद्या सांगते.”

सकाळी तिने दिवा लावला. हात जोडले, रोजचं मागणं मागितलं, आणि मागता मागता लक्षात आलं की मन अजिबात डळमळत नाहीये. रात्री झोपही शांत लागली होती. काय करायचं हे तिला माहीत नव्हतं, पण काय करायचं नाही हे पक्कं माहीत होतं, आणि तिच्या अनुभवात एवढं पुरेसं असे. काच घासतानाही शेवटी उरते ती घडण, हातून जाते ती फक्त नको असलेली कड. पाण्याचा घोट घेऊन ती आपल्या जागी बसली, पिवळं फडकं काढलं, आणि मोठ्याने वाचू लागली. मनात वाचायचा नेम नव्हता. सासूबाईंच्या खुर्चीवर नवऱ्याचे धुतलेले कपडे पडले होते. ते तिने उचलले नाहीत. तोंडात ब्रश घेऊन नवरा दारात येऊन उभा राहिला आणि फेस गळायला लागेपर्यंत हलला नाही.

शेवट चांगला होता. चांगला म्हणजे कठोर. भावाभावांत वाटण्या होतात, एकेक जण निघून जातो, आणि थोरली वहिनी मिठागरावर एकटी उरते. दार मिटायला कुणी नाही. रोज भरतीला तीच पाण्यात उतरते, आणि रोज तिला तो कंदील दिसतो. एका सकाळी ती कुलूप काढते, दार सताड उघडते, आणि समुद्राला आत येऊ देते. पांढऱ्या वाफ्यांवरून पाणी पसरत जातं, आणि ती बांधावर बसून त्याच्याकडे बघते. संपलं. तिने पुस्तक मिटलं नाही, बोट तसंच राहू दिलं. कुणालाही डोळे झाकून द्यावं असं पुस्तक होतं ते, आणि मावशींना देता येत नव्हतं. अडखळ्या जिवंत असता तर हा शेवट होऊच शकला नसता. त्याने दार मिटलं असतं. समुद्र बाहेर राहिला असता. सासूबाईंना हे कळलं नसेल? इतकी वाचलेली बाई. हे सगळं कुठे चाललंय हे त्यांना केव्हाच दिसलं असणार, कडेकडेचं सगळं दिसायचं त्यांना. शेवटी शेवटी त्या सकाळी म्हणायच्या, “आज एवढं पुरे.” रोज थोडं कमी. तिला वाटे, थकल्या. आता वाटलं, वेळ काढत होत्या. एका माणसाला पाण्यातून काढून बसल्या होत्या आणि त्याला ठेवायचं कुठे ते सुचत नव्हतं.

फोन वाजला तेव्हा तिचं बोट अजून शेवटच्या पानात होतं.

“उठलीस ना गं? चष्मा झकास झालाय. काल इस्त्री करताना शिवणीतला दोरा न् दोरा दिसला. इतकं दिसायची सवय नाही, जरा भीतीच वाटते.”

“होईल सवय, मावशी. मी निघतेच आहे थोड्या वेळात.”

“ये. सावकाश ये.” पलीकडे मावशींच्या वाफेच्या इस्त्रीचा सुस्कारा ऐकू आला. रविवारीसुद्धा त्यांचा हात रिकामा नव्हता. “आणि सांगशील तेही सावकाश सांग. ताई त्या वादळानंतर फार भराभर सांगायला लागली होती. मी मधे काही विचारीन म्हणून घाबरायची बिचारी.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. “मग तुम्ही विचारलं नाहीत?”

“काय विचारायचं? चांगलं सांगत होती. लहानपणीसुद्धा ती खोटं सांगायला लागली की अशीच धावायची. मी म्हणायचे, धाव. मला काय, मी इस्त्री करत असते.” आणि त्याच आवाजात, “ह्यांच्यासारखं बोलायची गं ती. अगदी हुबेहूब. मला रोज संध्याकाळी ऐकायला मिळायचं.”

तिने फोन ठेवला. खिडकीतून ऊन आलं होतं, ते पुस्तकाच्या उघड्या पानावर पडून छतावर गेलं होतं, आणि छतावर एक थरथरता चौकोन हलत होता. धाकटीला ठाऊक होतं. पहिल्याच दिवसापासून. थोरलीला वाटत होतं आपण तिला जपतोय, आणि धाकटी थोरलीला जपत होती, न विचारता, खळखळून हसून. आणि मधल्या दाराच्या या बाजूला कणीक मळत उभी राहिलेली बाई समजत होती की आपणच काय ती गोष्ट वाचून दाखवतोय. काल संध्याकाळी जिथे टोचलं होतं तिथे तिने मनाने चाचपून पाहिलं. आता टोचत नव्हतं. उलट एक सोपी, रोजच्या कामासारखी गोष्ट हाताशी आली होती, आणि ती इतकी सरळ होती की काल दुकानात, मंडळींसमोर, ती आपल्याला कशी दिसली नाही याचं तिला नवल वाटलं. मावशींजवळही एक पुस्तक होतं. ते दुसऱ्या कुणीच वाचलेलं नव्हतं, आणि आता कुणी वाचून दाखवणारही नव्हतं. वादळानंतर अडखळ्या काय काय बोलला, कुठे बसला, कुणाच्या भांडणात पडला, हे जगात एकट्या मावशींना माहीत होतं. वचन होतं शेवट सांगायचं. तो ती सांगेल, छापला आहे तसा, अक्षर न् अक्षर, बांधावरच्या कंदिलासकट. पण शेवटाची पाळी शेवटी येते. त्याआधी तिला ऐकायचं होतं. सासूबाईंचं ते दुसरं पुस्तक तिने अजून उघडलंही नव्हतं, आणि पुढचं सांगायला बसण्याआधी समोरचा माणूस कुठे आहे हे विचारण्याची शनिवारी रीत होती. एक शेवट पुस्तकाचा. दुसरा अजून कुणालाच माहीत नव्हता. अडखळ्याला ठेवायला जागा सासूबाईंना एकटीने सापडली नव्हती; दोघींनी शोधली तर कदाचित सापडेल, आणि नाही सापडली तर तो पिशवी घेऊन गावाला जाईल. त्याला तिची ना नव्हती, फक्त तो मावशींच्या तोंडून जायला हवा होता. तिने फक्त ऐकायचं. ऐकण्यात खोटं बोलणं येत नाही.

“येऊ का मी पण?” नवऱ्याने विचारलं. त्याने खुर्चीवरचे कपडे स्वतःहून उचलून घडी घातले होते. “शेवट कळला मला, पण मधलं काहीच कळलं नाही.”

“मधलं मलाही कळायचंय,” ती म्हणाली. “आल्यावर सांगते.”

“भराभर सांगू नकोस.”

तिने चमकून पाहिलं. त्याने फोन ऐकला होता की नुसताच बोलला होता, कुणास ठाऊक. तो घड्या रचत होता.

ती उठली. पिवळं फडकं शेवटच्या पानात न ठेवता तिने पानं मागे उलटली, वादळाच्या रात्रीपर्यंत, जिथे तो दार मिटायला निघतो आणि अजून पाण्यात उतरलेला नाही, आणि तिथे ते घातलं. पुस्तक पिशवीत टाकलं. दिव्यात अजून थोडं तेल होतं. तिने हात जोडले, दार हळूच ओढून घेतलं, आणि जिना उतरू लागली. रस्त्यावर रविवारची निवांत रहदारी होती. बस आली तर बसने, नाहीतर चालत. चालतानाच तिचे ओठ हलत होते, नाम घेताना हलत तसे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना तेच वाटलं असेल. पण ती मावशींच्या दारात गेल्यावर पहिला शब्द कुठला काढायचा तो म्हणून बघत होती, अगदी सावकाश, घाई न करता. तुम्ही कुठवर आलात, मावशी?